अर्धे अंतर पुरे

गोव्यातील डॉक्टरांच्या स्नेहसंमेलनांत अलीकडे एक नवा विषय निघू लागला आहे. पूर्वी जेवणाच्या टेबलावर मुलांचे प्रवेश, जमिनीचे भाव आणि कोणत्या समवयस्काला स्टेंट बसवावा लागला, एवढ्यावर गप्पा संपत. आता कोणी किती मिनिटांत पोहले आणि कोणाची सायकल किती लाखांची, याचीही चर्चा होते. याचे निमित्त २० ऑक्टोबर २०१९ रोजी मिरामारच्या किनाऱ्यावर झालेली आयर्नमॅन ७०.३ ही स्पर्धा. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावणे असे तिचे स्वरूप. या तिन्ही अंतरांची मैलांतील बेरीज म्हणजे ते ७०.३. महासाथीमुळे दोन वर्षे खंड पडला आणि २०२२ पासून ही स्पर्धा पुन्हा सुरू झाली.

प्रस्तुत लेखकाने ही स्पर्धा दोनदा पूर्ण केली आहे, पण एकदाही साडेसात तासांच्या आत नाही. तेव्हा येथे पराक्रमाचे वर्णन अपेक्षित नाही. पन्नाशीतल्या, चालत्या व्यवसायातल्या डॉक्टरने या खेळात उतरावे काय, उतरल्यास कोठवर जावे, याविषयी माझे काही ठाम मत बनले आहे आणि ते व्यवसायबंधूंपुढे मांडावे एवढाच हेतू.

या खेळाचे मूळ हवाईतील ओआहू बेटावर आहे. तेथे पोहण्याची, बेटाभोवती सायकल चालवण्याची आणि मॅरेथॉनची अशा तीन वेगवेगळ्या स्पर्धा होत असत. जॉन कॉलिन्स या नौदल अधिकाऱ्याने तिन्ही सलग करण्याची कल्पना मांडली आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी १५ जण निघाले, १२ पोहोचले. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारच्या मदतनीसांकडचे पाणी संपले, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. त्या तीन स्पर्धांपैकी होनोलुलू मॅरेथॉन १९७३ साली सुरू झाली, ती प्रामुख्याने डॉ. जॅक स्कॅफ या हृदयरोगतज्ज्ञाच्या पुढाकाराने. हृदयरुग्णांना सावकाश लांब अंतर धावायला शिकवणारा हा वैद्य! म्हणजे आपल्या पेशाचा या खेळाशी संबंध कालपरवाचा नाही.

पूर्ण अंतर म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथे ते पूर्ण केले, तेव्हापासून आपल्याकडे पन्नाशी आणि आयर्नमॅन यांची जोडीच जमून गेली. पन्नाशी आली की ते करायलाच हवे, असा काहीसा समज झाला आहे. मला तो मान्य नाही. व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला अर्धे अंतर पुरे आहे.

कारण वेळेचे आहे, आणि त्याहून अधिक झोपेचे. अर्ध्या अंतराची तयारी आठवड्याला आठ-दहा तासांत होते. त्यासाठी पहाटे साडेचारला उठून फोंड्याहून मोलेच्या रस्त्याला लागावे आणि साडेसातला घरी परतावे एवढे जमते. (वाटेत एखाद्या बालरुग्णाचे वडील थांबून, ‘डॉक्टर, गाडी बंद पडली काय?’ असे काळजीने विचारतात, ते निराळे.) पूर्ण अंतराला रविवारची सायकलच पाच-सहा तास खाते. रात्री दोनला प्रसूतिगृहातून बोलावणे यावे, न रडलेल्या बाळाला श्वास देत तास जावा, आणि त्यानंतर वेळापत्रकात लिहिले आहे म्हणून पहाटे अंधारात महामार्गावर सायकल काढावी, हे धाडस नव्हे. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही, हा नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला आहे. पूर्ण अंतराची तयारी करणाऱ्याला तो पाळता येत नाही, कारण हुकलेले तास भरून काढायला त्याच्यापाशी आठवडाच उरत नाही. आणि घरातल्या माणसांचा रविवार आपण खर्च करतो, त्याचा हिशेब कोणत्याही घड्याळात दिसत नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डॉक्टर स्वतःला स्वतःच तंदुरुस्त ठरवतात. आपलाच ई.सी.जी. आपणच पाहायचा, मित्राच्या लेटरहेडवर सही घ्यायची आणि अर्ज भरायचा, ही पद्धत आपल्यात रूढ आहे. आता अमेरिकेतील आकडे पाहा. १९८५ ते २०१६ या काळात तेथील ट्रायथलॉनमध्ये मृत्यू वा हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदल्या गेल्या. त्यांतील ९० पोहताना घडल्या. ८५ टक्के पुरुष होते आणि सरासरी वय ४६.७ वर्षे. एकंदर धोका लाखात दोनहून कमी, म्हणजे अल्पच. परंतु साठीपुढील पुरुषांत तो लाखात १८.६ भरला. ज्या ६१ जणांच्या शवविच्छेदनाचे अहवाल मिळाले, त्यांपैकी २७ जणांत हृदय वा रक्तवाहिन्यांचा दोष आढळला. हे वर्णन कोणाशी जुळते ते आपल्या सभासदांच्या यादीवर नजर टाकली तरी कळेल. पोहण्याच्या तलावात वीस फेऱ्या मारणे आणि शेकडो जणांच्या लाथा-कोपरांतून, तळ न दिसणाऱ्या पाण्यात, पहिल्याच मिनिटाला धाप लागलेली असताना पुढे जाणे, यांत हृदयाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

तिसरी गोष्ट वेदनाशामक गोळ्यांची. स्पर्धेच्या सकाळी गुडघ्यासाठी म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणारे मी माझ्या शेजारी पाहिले आहेत, आणि त्यांत आपले बंधू होते. ऑक्टोबरच्या दमट हवेत घाम वाहतो, पण वाळत नाही. शरीर तापते, पाणी घटते आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखणारी प्रोस्टाग्लँडिनेच आपण गोळीने दाबून टाकतो. रुग्णाने असे केले असते तर आपण त्याला काय सुनावले असते?

याच्या उलट टोकाला पाणी पिऊन पिऊन सोडियम उतरवणारे आहेत. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना यात नवल वाटू नये. कमी क्षाराचे सलाइन लावून मुलांचे सोडियम घसरते, हा धडा आमच्या शाखेला शिकायला काही दशके लागली. माझ्या सायकलच्या बाटलीत ओ.आर.एस. असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रात लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम आहे. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत ते साधारण वीसच्या आसपास असते. तथापि ओ.आर.एस. आहे म्हणून वाटेल तितके प्यावे असे नाही. तहानेइतकेच प्यावे, हे त्याहून महत्त्वाचे.

आता मुलांविषयी, कारण तो माझा प्रांत. बापाच्या गळ्यातले पदक पाहून नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ‘आतापासूनच तयार करू’ म्हणणारे पालक माझ्याकडे येऊ लागले आहेत. मी त्यांना सांगतो की या अंतरांना अठरा वर्षांखालील प्रवेशच नाही, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा असते आणि एकाच हालचालीची हजारो आवर्तने तिला सोसत नाहीत. टाच व गुडघा दुखतो म्हणून येणाऱ्या मुलांत शाळेबरोबर दोन-दोन प्रशिक्षणवर्ग करणारी मुले मला अधिकाधिक दिसतात. मुलाला पोहता मात्र आलेच पाहिजे. नद्या, तळी आणि समुद्र असलेल्या या प्रदेशात ती चैन नव्हे. बाकी झाडावर चढणे, फुटबॉल, सायकलवरून मित्राच्या घरी जाणे एवढे त्याला पुरते. तो घामाघूम होऊन आपण होऊन थांबतो, ते त्याला थांबू द्यावे.

मग मी हे का करतो, असा प्रश्न येतोच. पन्नाशीनंतर आपल्या व्यवसायात आपल्याला ‘नाही’ म्हणणारे कोणी उरत नाही. समुद्र म्हणतो. सत्तराव्या किलोमीटरला समोरून येणारा वारा म्हणतो. पंचविशीतील एखादी मुलगी, ‘काका, चला’ म्हणत हसून पुढे जाते. कोणतीही पदवी तेथे उपयोगी पडत नाही, आणि याचे मला सुख वाटते.

संस्थेपुढे दोन सूचना ठेवतो. स्पर्धेत उतरू इच्छिणाऱ्या चाळिशीपुढील सभासदाची तपासणी त्याचा मित्र नसलेल्या सभासद-हृदयतज्ज्ञाने करावी, आणि आवश्यक तेथे ट्रेडमिलची चाचणी घ्यावी. दुसरे असे की स्पर्धेच्या रविवारी, आयोजकांची संमती मिळाल्यास, आपल्यापैकी न धावणाऱ्यांनी वैद्यकीय तंबूत पाळ्या लावून बसावे. तेथे सोडियम मोजण्याचे छोटे यंत्र आणि बर्फाच्या पाण्याची टाकी असली पाहिजे. माझी पाळी, मी उतरणार नाही त्या वर्षी, दुपारी बारा ते चार अशी लिहून घ्यावी. उन्हाचा कडाका तेव्हाच असतो.