डायलिसिसचा रुग्ण आणि रक्त पातळ करणारी गोळी

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, तिथे रक्त साकळतं आणि सुटलेली गुठळी मेंदूत अडकली की पक्षाघात होतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी द्यायची, हा नियम आता पक्का झाला आहे. तो पक्का करणाऱ्या नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्या म्हणजे 2009 ची री-लाय आणि 2011 च्या रॉकेट-एएफ व अ‍ॅरिस्टॉटल. या तिन्हींत मूत्रपिंडं निकामी झालेल्यांना प्रवेशच नव्हता. तरीही डायलिसिसवरच्या रुग्णाचा ईसीजी बिघडलेला दिसला की तीच गोळी सवयीने लिहिली जाते. ही सवय मोडायला हवी. या रुग्णांत गोळी ‘द्यायचीच’ असं गृहीत न धरता, ती का द्यायची याचं उत्तर प्रत्येक वेळी शोधलं पाहिजे.

कारण इथे रक्तस्रावाची बाजू फार जड आहे. मूत्रपिंडं थांबली की प्लेटलेट नीट चिकटत नाहीत, डायलिसिसच्या प्रत्येक पाळीत बहुधा रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलं जातं, आणि डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेल्या फिस्टुलात दर वेळी जाड सुया टोचाव्या लागतात. वॉरफरिन या जुन्या गोळीचा आणखी एक तोटा असा, की रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू न देणाऱ्या प्रथिनाला लागणारं व्हिटॅमिन के ते अडवतं. ज्यांच्या धमन्या आधीच कडक झाल्या आहेत त्यांच्यासाठी हे घातक ठरू शकतं. अमेरिकेतल्या रीनल-एएफ चाचणीत 154 डायलिसिस रुग्णांना अ‍ॅपिक्साबॅन ही नवी गोळी किंवा वॉरफरिन दिलं. वर्षभरात पक्षाघात किंवा अन्यत्र गुठळी झालेले दोन्ही गटांत साधारण 3 टक्के होते. दखल घ्यावी असा रक्तस्राव अनुक्रमे 32 आणि 26 टक्के रुग्णांना झाला. जर्मनीतल्या 97 रुग्णांच्या अ‍ॅक्साडिया चाचणीतही एका औषधाची सरशी सिद्ध झाली नाही. दोन्ही चाचण्या इतक्या लहान की त्यांतून निर्णायक उत्तर निघणारच नव्हतं. शिवाय दोन्हींत गोळी विरुद्ध गोळी अशीच तुलना होती. गोळीच न घेणाऱ्यांचा तिसरा गट नव्हता आणि खरा प्रश्न तर तोच आहे.

यावर हृदयरोगतज्ज्ञांचा आक्षेप रास्त आहे: रक्तस्राव बहुतेकदा थांबवता येतो, पक्षाघाताने गेलेला हात परत येत नाही. मान्य. पण हा युक्तिवाद गोळीमुळे पक्षाघात खरंच टळतो असं धरून चालतो, आणि डायलिसिसच्या रुग्णांत तेच सिद्ध व्हायचं आहे. मेंदूतला रक्तस्रावही पक्षाघातच असतो. ज्याला आधी गुठळीचा झटका येऊन गेला आहे, त्याचं पारडं अर्थात गोळीकडे झुकतं. तिथे मी कमी मात्रेच्या अ‍ॅपिक्साबॅनच्या बाजूने उभा राहीन. अमेरिकी माहितीपत्रक डायलिसिसवर 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुचवतं आणि वय 80 किंवा अधिक, अथवा वजन 60 किलो किंवा कमी असेल तर मात्रा निम्मी करतं. आपल्याकडचे कितीतरी डायलिसिस रुग्ण साठ किलोच्या आतले असतात, हे प्रिस्क्रिप्शन लिहिताना आठवायला हवं. संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्यांना मात्र हा हिशेब लागू करू नये. 2022 च्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा हृदयरुग्णांना रिव्हरॉक्साबॅन या नव्या गोळीपेक्षा वॉरफरिनसारखी जुनी औषधंच सरस ठरली. हृदयातला गुठळीचा कोपरा उपकरणाने बंद करण्याचा मार्गही आहे, पण तो महागडा आहे आणि त्यानंतरही काही काळ औषधं घ्यावीच लागतात.

इतक्या आजारी माणसांवर चाचण्या करणं अन्यायाचं, असंही म्हटलं जातं. मला उलट वाटतं. चाचणीबाहेर ठेवूनही त्यांना औषध दिलं जातंच, फक्त परिणामांची नोंद होत नाही. 2016 पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस होतं आहे. तिथल्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलीत ठोके अनियमित आहेत का, कोणती गोळी किती मात्रेत चालू आहे, हेपॅरिन कमी करता आलं का, रक्तदाब किती राहतो आणि पुढे रक्तस्राव झाला की पक्षाघात, एवढं लिहिलं गेलं तरी गोळी घेणारे आणि न घेणारे यांची चिठ्ठ्या टाकून तुलना करणारी चाचणी इथेच उभारायला पाया मिळेल. राज्याच्या आरोग्य विभागाने ही नोंद सक्तीची करावी.