अपघातापूर्वीचा अभियंता

ज्या तरुणांनी यंदा अभियांत्रिकीची पदवी संपादन केली आणि जे आता कोणत्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरावे या विवंचनेत आहेत, त्यांच्यापुढे आम्ही या अंकात औद्योगिक सुरक्षा-अभियंत्याचा व्यवसाय मोठ्या आस्थेने ठेवीत आहोत.

पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसचेच पाहा. पत्रा सरकवताना कामगाराचा हात साच्याखाली असतो, आणि नेमक्या त्याच निमिषात पायाखालची कळ अवचित दाबली गेली तर बोटे जातात. मग चौकशी होते, जबान्या घेतल्या जातात आणि ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा मारून प्रकरण दफ्तरदाखल होते. सुरक्षा-अभियंता मात्र ती कळच काढून टाकतो व दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्यावाचून प्रेस उतरूच नये अशी योजना करतो. धोका मुळातच नाहीसा करणे हा त्याचा प्रथम उपाय, हातमोजे व शिरस्त्राण हा अखेरचा. हा क्रम ज्याला उमगला त्याला या शास्त्राचे मर्म गवसले, असे आम्हांस वाटते.

हजार वा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमात १९७६ साली झाली; भोपाळच्या भीषण वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, तो अधिनियम अधिक कठोर झाला. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत या विषयाचे पदविका-शिक्षण मिळते.

मुलाखतीस जाल तेव्हा वेतनाआधी एवढे अवश्य विचारा, की धोका दिसताच यंत्र थांबविण्याचा अखत्यार तुमच्या हाती राहील काय.