घरात नवा संगणक आला, आता पुढे?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबला आणि कित्येक घरांत जुना संगणक बदलायचा विषय निघाला. खोकं उघडणं सोपं. खरी कसरत त्यानंतरची. सगळ्यांसाठी एकच खातं उघडलं जातं आणि मुलांचे गेम, आईचे बँकेचे व्यवहार, आजोबांच्या पेन्शनचे कागद एकाच डेस्कटॉपवर नांदू लागतात. म्हणून या अंकात प्रोसेसर-मेमरीच्या आकड्यांपेक्षा आम्ही घरातल्या माणसांपासून सुरुवात केली आहे: प्रत्येकाचं वेगळं खातं, मुलांसाठी मर्यादा, फोटोंची दुसरी प्रत.

सर्वाधिक जागा मात्र मराठीला. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वंशावळ नव्या यंत्रावर उघडली, की अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा चिवडा दिसतो. ती युनिकोडमध्ये कशी आणायची, ते सविस्तर दिलं आहे. यापुढे थेट युनिकोडमध्ये टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक तर विंडोजमध्ये आयताच असतो: स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, ‘डी’च्या कळीवर हलन्त. (उच्चारानुसार रोमन अक्षरांतून टाइप करायच्या फोनेटिकपेक्षा हाच बरा, असं आमचं मत, फोनेटिकवाल्यांनी खुशाल भांडावं.)

तुमच्या घरी काय अडलं आणि कोणी सोडवलं, जरूर कळवा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.