भाडं कमी करण्याआधी एक चाल थांबा

रेवदंड्यात घरगुती राहण्या-जेवणाची सोय चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलं, "सर, शेजाऱ्याने खोलीचं भाडं उतरवलंय. मीही उतरवू का?"

ताई, आधी बुद्धिबळ बघा. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण म्हणालो, "काय डोकं आहे!" पण नुसतं डोकं नसतं हो. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या संशोधकांनी दाखवलं, की खऱ्या डावातला पट मुरलेल्या खेळाडूंच्या काही सेकंदांत लक्षात राहतो. तीच मोहरी कशीही मांडली, की ही कमाल जवळजवळ संपते. म्हणजे ती पाहिलेल्या डावांची शिदोरी असते.

धंद्यात ही शिदोरी म्हणजे तुमची वही. कोणत्या शनिवारी खोल्या भरल्या, पावसाळ्यात कोण आलं, पुन्हा कोण आलं, सगळं लिहा.

मग स्वतःलाच विचारा, "मी दोनशे कमी केले आणि शेजाऱ्याने आणखी शंभर उतरवले, तर?" उत्तर नसेल, तर ती चाल खेळूच नका. माझं स्पष्ट मत आहे, घाबरून उतरवलेलं भाडं पुन्हा चढवणं फार अवघड असतं.

आजच वही उघडा!