पिस्तुलावरचा शिक्का

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या भाचीनं जुनं लष्करी पिस्तूल विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा नातेवाइकांत कोण गहजब! 'बाईमाणसाला कशाला हवा असला छंद?' मला विचाराल तर प्रश्न बाई की पुरुष हा नाहीच. घेण्याआधी शिकून घेतलं का, हा आहे. आपण पैठणीचा पदर उलटा करून बघतो, सोन्यावर हॉलमार्क शोधतो, तसंच हे.

तिला वेब्ली मार्क सहा हवं होतं. (खरं तर ते रिव्हॉल्व्हर, सहा गोळ्यांचं, पण आपल्याकडे सगळ्यालाच पिस्तूल म्हणतात.) ब्रिटिश फौजेनं ते १९१५ मध्ये स्वीकारलं. वजन किलोच्या वर. विकणारा म्हणाला, 'हे कूतच्या वेढ्यातलं आहे,' आणि किंमत चढवली. कूत आताच्या इराकमध्ये. तिथं मराठा पलटणीही अडकल्या होत्या, म्हणजे मराठी माणसाचं मन पाघळणारच. भाचीनं मात्र सांगाड्यावरचा शिक्का वाचला : १९१७. कूत तर एप्रिल १९१६ मध्येच पडलं होतं! गोष्ट गळून पडली, किंमतही उतरली.

मग तिनं चक्रावरचा नंबर सांगाड्याच्या नंबराशी जुळतो का ते पाहिलं. न जुळणारा नंबर म्हणजे सुटा भाग बदललेला. सरकारी मालाचा बाण आणि टोकाला टोक भिडलेले दोन बाण, म्हणजे फौजेनं ते रीतसर विकून टाकल्याची खूण, हेही तिनं शोधलं. आणि घरी आणल्यावर घासूनपुसून लखलखीत केलं नाही. आपला हात लगेच पितांबरीकडे जातो, पण इथं जुना काळसर रंग गेला की मोलही गेलं.

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेल्या हत्याराला केंद्राचा कायदा पुरातन मानतो. हे त्यानंतरचं, म्हणून दुकानदारामार्फत तिची रीतसर चौकशी झाली.

आपल्याकडे मात्र 'जुनं आहे, चालतंय' असं समजू नका. शस्त्र कायदा १९५९ चा. बंदूक म्हणून वापरताच येणार नाही असं जुनाट किंवा मोडकं हत्यारच त्यातून सुटतं, आणि ते तसं आहे हे आपण घरच्या घरी ठरवायचं नसतं. सैनिकांच्या आपल्या गावांत एखाद्या घरी सासऱ्यांच्या ट्रंकेत असं काही असतं आणि घरातल्या बाईला परवान्याचा कागद कुठं आहे हेही माहीत नसतं. पुरुष गेला की परवाना आपोआप बायकोच्या नावावर होत नाही. हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, पावती घ्यायची आणि ठेवायचं असेल तर वारस म्हणून अर्ज करायचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशानं आलेली धरून. तेव्हा घरातल्या माणसाला आजच विचारा, कागद कुठल्या कप्प्यात आहे ते.