दुकानाचं तोंड आणि पाटीचं माप



संक्रांतीच्या तयारीला जमलो होतो, पण त्या दिवशी तिळगुळापेक्षा जास्त चर्चा झाली ती एका पाटीची. आपल्या मंडळाचे एक सभासद मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचे. त्यांनी इथं अमेरिकेत फराळाचं दुकान काढलंय. पाटीवर वर देवनागरीत ‘मिठाई’ आणि खाली दुकानाचं इंग्रजी नाव. टाउनशिपच्या कार्यालयातून त्यांचा अर्ज परत आला: पाटी 27 चौरस फुटांची आहे, मुभा 20 चीच. यांचा हिशेब 15 चौरस फुटांचा. चूक कोणाची, यावर बराच वाद झाला. कागद मांडून पाहिलं, तर दोघांचाही गुणाकार बरोबर होता. मोजायची रीत तेवढी वेगळी होती.

इंग्रजी ओळ 9 फूट लांब, 1 फूट उंच. मराठी ओळ 6 फूट लांब आणि शिरोरेघेपासून खाली 1 फूट. नऊ आणि सहा, पंधरा. कार्यालयानं मात्र दोन्ही ओळींभोवती मिळून एकच चौकट आखली. त्यात मधली अर्ध्या फुटाची मोकळी जागा आली आणि शिरोरेघेच्या वर गेलेली, अर्ध्या फुटाची वेलांटीही आली. 9 फूट रुंद, 3 फूट उंच, झाले 27. सुट्या अक्षरांची पाटी असेल तर मजकुराला कवेत घेणारी लहानात लहान चौकट मोजायची, ही अमेरिकेतल्या गावोगावच्या नियमांतली नेहमीची रीत. अक्षरांमागे वेगळ्या रंगाचा फळा किंवा दिव्याची पेटी असेल तर तो अख्खा फळा मोजतात.

आता ही 20 चौरस फुटांची मुभा आली कुठून? दुकानाच्या तोंडावरून. रस्त्याकडच्या दर्शनी भिंतीची रुंदी जितके फूट, तितके चौरस फूट पाटी, असा साधा हिशेब पुष्कळ ठिकाणी आहे. कुठं दीडपट मिळते. न्यू यॉर्क शहरात वस्तीतल्या छोट्या बाजारपेठांना तोंडाच्या तिपटीपर्यंत पाटी लावता येते, पण त्यालाही वरची मर्यादा आहे. दुकान किती खोल आहे, मागं किती मोठं गोदाम आहे, याला पाटीच्या हिशेबात किंमत नाही.

हे ऐकून खामगावकर हसले. म्हणाले, “आमचे आजोबा हेच सांगायचे. राहायला जागा गोमुखी घ्यावी, धंद्याला व्याघ्रमुखी.” पुढं निमुळती, मागं ऐसपैस ती गोमुखी. पुढं रुंद तोंड असलेली व्याघ्रमुखी. आपण त्याला वास्तुशास्त्र म्हणून सोडून देतो, इथल्या नियमानं त्याचं गणित करून ठेवलंय. पंचाईत अशी, की आपल्याकडच्या जुन्या पेठांतली दुकानं बहुधा गोमुखीच असतात. जेमतेम गाळ्याएवढं तोंड, आत मात्र माल ठेवायला हवी तेवढी खोली. गिऱ्हाईक पाटी बघून यायचं नाही, ओळखीनं यायचं. खामगावच्या पेठेचंच घ्या: 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली ती कापसासाठी, आणि आज खामगावची चांदी प्रसिद्ध आहे. त्या पेठेत पत माणसाच्या नावाला असायची, नावाच्या पाटीला नव्हे.

खामगावच्या बुलढाणा जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही, शहरांचा कारभार नगरपरिषदा आणि नगरपंचायतींचा. बांधकामासाठी तिथं डिसेंबर 2020 मध्ये आलेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागते. गावठाणाबाहेर किती बांधता येईल, हे तिच्यात मोठ्या प्रमाणावर समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. म्हणजे तिकडं रस्ता मोजून इमारत ठरते आणि इकडं भिंत मोजून पाटी.

पाटीच्या बाबतीत महाराष्ट्राचा कायदा आधी लिपी बघतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी आधी हवी आणि तिचं अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नको. 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिने दिले. दुसऱ्या भाषेला मात्र बंदी नाही. बुलढाण्याला लागून असलेल्या अकोला जिल्ह्यात, पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 15 एप्रिल 2025 रोजी न्यायालयानं ती उर्दू राहू दिली.

कॅनडातल्या क्विबेकची रीत आणखी कडक. तिथं 1 जून 2025 पासून दुकानाच्या बाहेरच्या पाटीवर फ्रेंचला इतर भाषेच्या दुप्पट जागा द्यावी लागते. अमेरिकेत उलटं आहे. ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावात वैचारिक मजकुराच्या पाटीला 20 चौरस फूट आणि कार्यक्रमाची दिशा दाखवणाऱ्या तात्पुरत्या पाटीला 6, असा भेद होता. 2015 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. मजकूर बघून माप ठरवायचं नाही; आकार, जागा, दिवे एवढंच बघायचं. म्हणून आपल्या सभासदाला ‘मिठाई’ देवनागरीत का, असं कोणी विचारलं नाही, विचारणारही नाही.

तरीही त्या चौकटीत आपल्या अक्षराचं थोडं नुकसान होतंच. रोमन अक्षर रेघेवर उभं राहतं, आपलं रेघेला लटकतं. पेंटर आधी शिरोरेघ ओढतो आणि मग अक्षर खाली सोडतो. वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, असे आपले तीन मजले. ‘कुल्फी’ लिहा, तिन्ही मजले भरतात. रोमन मोठी अक्षरं मात्र एकाच मजल्यावर राहतात. तेवढ्याच चौकटीत बसवायचं तर मूळ अक्षर बारीक करावं लागतं. नियमात कपट नाही. नियम लिहिणाऱ्यानं वेलांटी पाहिलेली नाही, इतकंच.

मग माप सैल करा, असं म्हणायचं का? मला नाही वाटत. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जण गेले. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते 120 बाय 120 चं होतं, म्हणजे क्षेत्रफळात नऊपट. मर्यादा कागदावर होतीच, कमी पडली ती टेप लावायची तसदी. इथली टेप काटेकोर आहे याचा मला आनंदच आहे. ती नीट कशी धरायची, हे सांगणं आपलं काम.

तेव्हा दुकान काढणाऱ्या सभासदांनी पाटी रंगवायला टाकण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. तोंड कुठून कुठवर धरता? कोपऱ्याचं दुकान असेल तर दुसऱ्या रस्त्याकडची बाजू मोजता का? दोन ओळींना चौकट एक की दोन? काचेवर चिकटवलेली अक्षरं हिशेबात येतात का? आणि गावाचे पाट्यांचे नियम बदलायला निघतात तेव्हा जाहीर सुनावणी होते. तिथं कोणीही बोलू शकतं. तिथं आपल्यापैकी कोणी उठून, प्रत्येक ओळीची चौकट वेगळी धरा, एवढं सांगितलं तरी पुष्कळ. तामिळ, थाई, अरबी पाट्या लावणारे शेजारीही दुजोरा देतील.

खामगावकरांनी ‘मिठाई’ वरून खाली आणून, अक्षरं थोडी आवळून, इंग्रजी नावाच्या शेजारी, एकाच ओळीत नेली आहे. 13 फूट लांब, दीड फूट उंच, साडेएकोणीस चौरस फूट. अर्ज मंजूर झालाय. संक्रांतीच्या वड्या यंदा त्यांच्याच दुकानातून येणार आहेत. पत्ता शोधायला लागणार नाही, वेलांटी रस्त्यावरून दिसते.

आपला,
संपादक