बदली त्याची, बिऱ्हाड तिचं

नवऱ्याची परदेशी बदली झाली की घरात पेढे वाटले जातात. आळीतल्या बायका चौकशीला येतात. किती वर्षांसाठी, पगार किती, थंडी फार असते का, आपलं जेवण मिळतं का. बायकोला सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, "मग, तयारी झाली का?" तू जाणार आहेस का, हे कुणी विचारत नाही. असं विचारायचं असतं हे कुणाच्या मनातच येत नाही, आणि पुष्कळदा तिच्याही येत नाही.

पूर्वी परदेश म्हटलं की आखात, नाहीतर अमेरिका. आता नकाशा पसरला आहे. टाटा कन्सल्टन्सीने उरुग्वेची राजधानी मोन्तेव्हिदेओ इथे २००२ साली आपलं केंद्र उघडलं. साओ पावलो, ब्युनोस आयर्स ही दक्षिण अमेरिकेतली नावंही संगणकाच्या आणि औषधांच्या कंपन्यांमुळे आपल्या कानावर पडू लागली. धाटावच्या कारखान्यात लागलेला रोह्याचा मुलगा, किंवा पेणहून रोज मुंबई गाठणारा संगणकवाला उद्या तिकडे गेला तर त्यात नवल राहिलेलं नाही. मग त्याच्या बायकोला माहिती पुरवली जाते. तिकडे ऋतू उलटे, आपल्या मे-जूनमध्ये तिथे थंडी. मोन्तेव्हिदेओचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे इथे चारचा चहा होतो तेव्हा तिथे सकाळचे साडेसात. उरुग्वेत स्पॅनिश, ब्राझीलमध्ये पोर्तुगीज. इंग्रजीवर भागेल ते नवऱ्याच्या कचेरीत. भाजीवाल्याकडे आणि मुलांच्या शाळेच्या फाटकाशी नाही. आणि तिथे जायचं असतं ते बायकोला.

ही माहिती हवीच. पण तिच्यात एक गोष्ट नसते. त्या शहरात ही बाई कोण म्हणून उभी राहणार?

कागदावर त्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: अवलंबित. नवऱ्याला परवाना नोकरीसाठी मिळतो, तिला मिळतो तो त्याची बायको म्हणून. त्याची नोकरी सुटली की तिच्या राहण्याचा आधार सुटतो. लग्न मोडलं तरी बहुतेक ठिकाणी तीच गत. काही देश तिला काम करू देतात, काही देत नाहीत. अमेरिकेत संगणकतज्ज्ञांच्या बायकांना वर्षानुवर्षं कमाईला बंदी होती. २०१५ साली त्यांच्यातल्या काहीजणींना कामाची मुभा मिळाली, तीही नवऱ्याचा कायम वास्तव्याचा अर्ज ठराविक टप्प्यावर पोचला असेल तरच. जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका, दवाखान्यातली परिचारिका, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यात गणपतीचं रंगकाम करणारी बाई, विमानात बसताना तिघी सारख्याच होतात. पेणची गणपतीची मूर्ती परदेशी जाते तेव्हा तिच्या खोक्याला निदान स्वतःचा कागद असतो!

परदेश आपल्या तालुक्यांना नवा नाही. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही आडनावं आज इस्रायलमध्ये सापडतात. कोकणातले हे बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली'. पेणला आणि रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमीत, त्यांची प्रार्थनालयं आहेत. १९४८ नंतर पुढच्या दोन-तीन दशकांत ही माणसं हजारोंनी गेली. काही आधीच मुंबईला स्थिरावली होती, ती तिथून गेली. पेण-रोह्यात आता त्यांची घरं थोडकीच उरली आहेत. त्यांचं जाणं कंपनीच्या बदलीचं नव्हतं, धर्माच्या ओढीचं होतं, आणि ज्या भूमीत ते गेले तिथून त्याच सुमारास पॅलेस्टिनी अरबांना घरंदारं सोडावी लागली होती, हेही विसरता येत नाही. पण कोकणातलं घर उचलून परक्या शहरात मांडायचं म्हणजे बाईचं काय होतं, हे पाहायला याहून जवळचं उदाहरण आपल्याकडे नाही.

नव्या आलेल्यांना सरकार पाठवील तिथे, पुष्कळदा दक्षिणेच्या रखरखीत प्रदेशात, राहावं लागलं. बीरशेबा, दिमोना अशी ती गावं. पावसाळ्यात चार महिने भाताच्या चिखलात राहिलेल्या माणसांनी तिथे वाळवंट पाहिलं. भाषा हिब्रू, कामं अंगमेहनतीची, आणि रंगावरून मिळणारी वागणूक. १९५१ साली काहींनी निदर्शनं केली, उपोषणं केली, आम्हाला परत पाठवा म्हणून हट्ट धरला. १९५२ साली शंभराहून अधिक माणसं मुंबईला परत आणली गेली. त्यांच्यातली बरीचशी पुढे पुन्हा इस्रायललाच गेली. या हकिकतीत घर, नोकरी, काळा-गोरा हा भेद, सगळं येतं. त्या घरांतल्या बायकांना परतायचं होतं का, आणि दुसऱ्यांदा पेटी बांधताना त्यांना काय वाटलं, याबद्दल त्यात एक ओळ येत नाही.

बायका या इतिहासात पुढे येतात त्या दहा वर्षांनी, आणि आरोपीसारख्या. इस्रायलमध्ये लग्न-घटस्फोटाचा अधिकार धर्मपीठाकडे आहे. कोकणातून आलेली ही माणसं खरी यहुदी का, त्यांच्याशी लग्न लावावं का, असा वाद तिथे निघाला. १९६२ साली मुख्य धर्मपीठाने हुकूम काढला: बेने इस्रायली मुलाचं किंवा मुलीचं लग्न लावण्याआधी आईकडून मागे जाता येईल तेवढ्या पिढ्या तपासा. आई, आजी, पणजी. कारण काय, तर यहुदी धर्मात वंश आईवरून ठरतो. शिवाय कोकणात धर्मशास्त्र जाणणारे पंडित नव्हते, त्यामुळे काडीमोड धर्माच्या रीतीने झाले नसणार. धर्माच्या रीतीचं घटस्फोटपत्र नवऱ्यानेच द्यायचं असतं. ते न घेता कुणा आजीने दुसरा संसार मांडला असेल, तर तिच्या लेकरांच्या जन्मालाच बट्टा. म्हणजे कोकणातल्या एखाद्या खेड्यात कुणा बाईने सोसवेना म्हणून एक घर सोडलं आणि दुसरं केलं असेल, तर त्याचा जाब बीरशेबाला तिच्या नातीने द्यायचा.

बेने इस्रायली गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुलांसह त्यांनी जेरुसलेमला ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की हे सर्व बाबतींत यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला हुकूम बदलावा लागला. मोठा विजय होता. पण तो जमातीच्या मानाचा विजय होता. बाईच्या मोडलेल्या लग्नाचा हिशेब धर्मपीठाने मागावा का, हा प्रश्न तिथे तसाच राहिला. ही अडचण त्यांच्या धर्माची म्हणून आपण हसण्याचं कारण नाही. बाई देश बदलते तेव्हा तिचं लग्न दुसऱ्या कायद्याच्या दारात जाऊन उभं राहतं, मग तो कायदा मोशेचा असो की मिसुरीचा.

मिसुरीचं नाव सहज आलेलं नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नरसिंह राव खटला होता. नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात घटस्फोट मिळवला होता. न्यायालयाने सांगितलं, ज्या कायद्याने लग्न लागलं त्यात नसलेल्या कारणावर, बायको तिथे राजीखुशीने हजर झालेली नसताना घेतलेला असा घटस्फोट आम्ही मानणार नाही. १९९४ साली नीरजा सराफ खटला आला. ती शिक्षिका होती, नवऱ्याकडे अमेरिकेला जायचं म्हणून नोकरी सोडलेली. तिकडे त्याने लग्नच रद्द करून घ्यायची खटपट चालवली. न्यायालयाने तेव्हा सुचवलं की इथे लागलेलं लग्न परदेशी कोर्टाने रद्द करू नये, नवऱ्याच्या मालमत्तेतून पोटगी मिळावी आणि आपल्या कोर्टाचा हुकूम तिकडे बजावता यावा, यासाठी कायदा करा. २०१९ च्या फेब्रुवारीत अनिवासी भारतीयांच्या विवाहनोंदणीचं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं, ते कायदा झालं नाही. २०२४ साली विधी आयोगाने पुन्हा सर्वंकष कायद्याची शिफारस केली. तीस वर्षं शिफारसीच.

आणि शिफारशींचा रोखही नीट पाहायला हवा. त्यांच्या डोळ्यांपुढे असतो तो फसवणारा नवरदेव, हुंडा घेऊन पसार होणारा. तो आहेच, त्याला धरा. पण आपल्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बहुतेकींचा नवरा असा नसतो. साधा, बरा, मुलांवर जीव असणारा माणूस असतो. तो तिला फसवत नाही, नुसता गृहीत धरतो. तिची नोकरी सुटते, तिचं खातं बंद होतं, भिशीतल्या बायका सुटतात, आणि पाचव्या महिन्यात दोन खोल्यांच्या घरात, भाषा न येणाऱ्या शहरात, बस भाड्यासाठी ती त्याच्याकडे हात पसरते. हा गुन्हा कुठल्या कलमात बसवायचा?

म्हणून माझं म्हणणं असं की परदेशी बदली हा घरगुती आनंदाचा विषय म्हणून सोडून न देता आपल्या बैठकांत चर्चेला घ्यावा. विचारणं म्हणजे काय हे आपल्या भागाला शिकवावं लागणार नाही. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारला शेतकऱ्यांचं मत घ्यावं लागलं होतं, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देता का म्हणून. त्यासाठी आपल्या बायका मोर्चांत पुढे होत्या. मत मात्र ज्याच्या नावावर जमीन त्याचं. सातबारावर किती बायकांची नावं असतात हे आपल्याला ठाऊक आहे. जमीन हलवताना निदान कागद मागितला जातो, बाईला हलवताना तोही नाही.

जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जाण्याने बाई मोकळीही होते. सासूच्या नजरेबाहेरचं स्वयंपाकघर ही काही लहान गोष्ट नव्हे. आणि ज्या शहरांची आपण बोलतो आहोत ती बायकांच्या दृष्टीने ओसाड नाहीत. बायकांसाठी, बायकांनी चालवायचं पहिलं पोलीस ठाणं साओ पावलोला १९८५ सालीच निघालं. घरगुती हिंसेविरुद्धचा ब्राझीलचा २००६ चा कायदा मारिया दा पेन्या या बाईच्या नावाने ओळखला जातो. नवऱ्याने मारलेल्या गोळीने तिला कायमचं अपंग केलं आणि ती वीस वर्षं न्यायासाठी झगडली. ब्युनोस आयर्सला २०१५ साली 'आता एकही कमी नको' म्हणत बायका रस्त्यावर उतरल्या आणि ती हाक शेजारच्या देशांत पसरली. तिथे जाणाऱ्या आपल्या मैत्रिणीला मसाल्याच्या पुड्यांबरोबर हे पत्तेही द्यायला हवेत. महाराष्ट्र मंडळाचा पत्ता तर कुणीही देतं.

कागदाचं मात्र इथेच, निघण्याआधी पाहायचं. लग्नाची नोंदणी झालेली हवी. तिचा पासपोर्ट तिच्याजवळ, आणि प्रत माहेरी. डिसेंबर २०१६ च्या बदलानंतर पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला जोडावा लागत नाही, हे अजून पुष्कळींना माहीत नाही. तिच्या एकटीच्या नावावर इथे खातं चालू राहावं, आणि ते कुठल्या बँकेत हेही पाहावं; २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली तेव्हा किती बायकांचे पैसे अडकले ते आपण पाहिलं आहे. परवान्यावर काम करता येतं का, लग्न मोडलं तर काय, हे नवऱ्याच्या कंपनीकडून लेखी घ्यावं. परतीचं तिकीट तिच्या हाती. उरुग्वेचं काम आपला दूतावास वर्षानुवर्षं शेजारच्या ब्युनोस आयर्सहून पाहत आला आहे, म्हणजे अडचणीत दार ठोठवायचं तर मधली रुंद नदी ओलांडायची, हेही आधी कळलेलं बरं. मुलं असतील तर अधिक सावध राहावं: मुलं परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा १९८० चा हेग करार दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या देशांनी मानलेला आहे, भारताने नाही. आई मुलांना घेऊन रोह्याला परत आली की तिकडच्या कोर्टात तीच मुलं पळवणारी ठरू शकते.

आणि ती परत आलीच, तर इथल्या ठाण्यात "तिकडे घडलं, तिकडे जा" हे उत्तर ऐकून माघारी फिरू नका. छळामुळे घर सोडलेल्या बाईने जिथे आसरा घेतला तिथे तिला तक्रार करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात सांगितलं आहे. पूर्वीचं ४९८ अ हे कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ झालं आहे. २००३ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याखाली बायको स्वतः राहते त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज करू शकते.

एक गोष्ट राहिली, आणि ती परदेशाची नाही. हा विषय पैसेवाल्या घरांचा, आपल्याला काय त्याचं, असं काहीजणी म्हणतील. पेण आणि रोह्याच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबंही दर वर्षी बिऱ्हाड उचलतात, वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर, काही थेट कर्नाटकात. उचल घेतो नवरा, हिशेब होतो नवऱ्याशी, कामाला जुंपली जाते जोडी. बाईची मजुरी त्याच्या अंगठ्याखाली जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद आहे, तरी भट्टीवरून निघायचं तर मालकाला विचारावं लागतं. तिथेही ती अवलंबितच; फक्त कुणी तसं छापून देत नाही. विमानाने जाणारीसाठी जे मागायचं तेच टेंपोने जाणारीसाठी मागायचं: तिचं नाव, तिचा हिशेब, परतीचं भाडं तिच्या हातात. दिवाळी झाली की भट्ट्यांचे टेंपो वाड्यांवर यायला लागतात. पुढची बैठक त्याच्या आत ठेवावी.